लोट आणि पूर

शरिफा शेख भिंगारची. वडील हैदर छावणीच्या वर्कशॉपमध्ये लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचे. मुलीने गणित घेऊन बी.एस्सी. केलं, तेव्हा मोहल्ल्यातल्या लोकांनी विचारलं की याचं पुढे काय करणार.  तिने पुण्यातल्या एका संस्थेत कॉम्प्युटरचा छोटा कोर्स केला आणि बहात्तर साली नगरच्या एका सरकारी कचेरीत गणिताच्या कामावर लागली. तोवर पाऊस दोन वर्षं रुसलेला होता. गावोगाव दुष्काळी कामं निघत होती आणि या कचेरीत पाझर तलावांचे आराखडे तयार व्हायचे.

कॉम्प्युटर अर्थातच नगरला नव्हता. शरिफा चौकटीच्या कागदावर प्रोग्रॅम लिहायची. पुण्यात त्याची कार्डं पंच होऊन, म्हणजे भोकं पाडून, यंत्रात जायची आणि आठवड्याभराने कार्डांसह छापील कागदांची चळत परत यायची.

आधी कुणीतरी लिहून ठेवलेला एक प्रोग्रॅम तिच्या हाती आला. त्यात सगळी नावं एक्स-एक, एक्स-दोन अशी होती. तो काय करतो हे कचेरीत कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याला हात लावायची हिंमतही कुणी करत नव्हतं. शरिफाने तो बाजूला ठेवून नवा लिहिला. भाषा तीच, फोर्ट्रान. पण त्या भाषेत नावं आपल्या मनाने ठेवायची मुभा होती, फक्त इंग्रजी अक्षरांत आणि सहा अक्षरांच्या आत. तिने पाणी, माती, बांध, सांडवा, उंची अशी नावं दिली. सांडव्यावरून, म्हणजे तलावाचं जादा पाणी सोडायच्या वाटेवरून, वाहताना पाणी किती चढेल, त्या आकड्याला तिने नाव दिलं लोट.

याचा परिणाम तिलाही अपेक्षित नव्हता. गोरक्षनाथ नावाचे एक ओव्हरसियर होते, तिसगावकडच्या तलावांवर देखरेख करायचे. इंग्रजी जेमतेम. पण एकदा तिच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी तो कागद वाचला आणि विचारलं, सांडवा रुंद केला तर बांधाची माती कमी लागेल ना, मग यंत्रच निरनिराळ्या रुंदी धरून का बघत नाही? शरिफाने तेही घातलं. मग दुसऱ्या कुणीतरी गाळाचं विचारलं, तेही आलं. प्रोग्रॅम वाढत गेला. जो तो येऊन काहीतरी सुचवू लागला. कार्यकारी अभियंता रंगनाथसाहेब शिस्तीचे, पण तेही म्हणाले की इतकी डोकी चालताना या कचेरीत प्रथमच बघतो आहे. त्यांनी स्वतः हाताने सोडवलेलं एक उदाहरण दिलं. त्यात पाणी बरोबर एक मीटर चढत होतं. यंत्राचं उत्तर तंतोतंत जुळलं. मग तिसगावच्या पलीकडे एका वस्तीवर बांधायच्या तलावाची उंची त्याच प्रोग्रॅमने काढली आणि हिवाळ्यात काम सुरू झालं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा सरत आला होता. बांध पुरा झाला होता, मजुरांची हजेरी बंद झाली होती. शरिफा पुढच्या तलावाची तयारी करत होती. गोरक्षनाथ सहज बोलले, "लोट म्हनजे आमच्याकडं धुळीचा बी असतो. सरळ पूर लिवा की."

तिला ते पटलं. तिने सगळीकडे लोट पुसून पूर केलं आणि नीट चालतं की नाही हे पाहायला बांधून झालेल्या तलावाचेच आकडे पुन्हा पुण्याला पाठवले.

कागद परत आले तेव्हा बांधाची उंची आधीपेक्षा ऐंशी सेंटिमीटरने जास्त आली होती.

तिने आधी कार्डं तपासली. आकडे तेच होते, समीकरणंही तीच. एक नाव सोडलं तर कुठे काही बदललेलं नव्हतं. तिने जुना आणि नवा कागद ओळीओळीने ताडला. बाहेर ऊन रणरणत होतं.

मग तिला कळलं. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात तो नियम शिकवला होता. वेगळं काही सांगितलं नाही, तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव हा पूर्णांक धरायचा आणि त्याचा अपूर्णांक गाळून टाकायचा. ज्यांनी ती भाषा बनवली त्यांना मोजणीसाठी हीच अक्षरं वापरायची सवय होती, म्हणून त्यांनी तसं ठरवलं. नियम तिला पाठ होता. पण लोट लिहिताना तिच्या कानात ल होता, एल नव्हताच. सांडव्यावर पाणी चढणार होतं एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. यंत्राने एक ठेवला, बाकीचं टाकून दिलं आणि तसं केल्याचं कुठे कळवलं नाही. पूर पीने सुरू झाला, म्हणून या खेपेला ते ऐंशी सेंटिमीटर टिकले. मातीही एमने सुरू होत होती, पण हजारो घनमीटरांत तेवढ्याने काही बिघडलं नव्हतं.

ती रंगनाथसाहेबांकडे गेली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. नुसत्या नावाने उत्तर कसं बदलेल, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग पेन्सिल घेऊन स्वतः हिशेब केला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

पुराच्या पाण्यावर बांधाची मीटरभर उंची मोकळी राहायला हवी होती, तिथे आता वीतभर उरत होती. तीही बिनदबलेल्या नव्या मातीची. बांध उंच करायचा तर काम नव्याने मंजूर करून घ्यायला हवं होतं. साहेबांनी लगेच वर कळवलं. वरून विचारणा आली की पाण्याचा थेंब नसताना पुराची घाई कशाला.

जून उजाडल्यावर साहेब जीपने वस्तीवर निघाले. शरिफाने बरोबर येते म्हणून सांगितलं आणि भिंगारच्या नाक्यावर ती जीपमध्ये बसली. करंजीचा घाट उतरून पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंना नुसती तापलेली जमीन होती. बांधाच्या खालच्या अंगाला, कोरड्या ओढ्याच्या काठी, मजुरांच्या झोपड्या अजून होत्या. काम संपलं तरी माणसं हलली नव्हती. तलाव भरला की इथेच पाझर लागेल, अशी त्यांची आशा होती.

मुक्ताबाई नावाच्या बाईंचा तिथे शब्द चालायचा. बांधावर माती टाकणाऱ्या बायकांची टोळी त्यांचीच. साहेबांनी नावाचा घोळ सांगितला, आणि एक उपाय हातात आहे असंही सांगितलं. सांडवा आणखी खोल खणायचा. पाणी कमी साठेल, पण बांध वाचेल.

मुक्ताबाईंनी शरिफाकडे बघितलं. "नाव बदललं म्हनून पानी वाढतं व्हय, ताई?"

"पाणी तेवढंच येणार आहे, मावशी," शरिफा म्हणाली. "मी ते कमी धरलं."

मुक्ताबाईंनी बांधाकडे हात केला. "आमी माती वाह्यली ती पान्यासाठी," त्या म्हणाल्या. "आता आमच्याच हातानं त्याला वाट काढून द्यायची, ते न्हाई व्हायचं."

साहेबांनी जोर केला नाही. कदाचित करायला हवा होता. शरिफा मात्र जीपकडे परत गेली नाही, झोपडी-झोपडीतून फिरली. तलाव राहू द्या, निदान तुम्ही ओढ्यावरून हला, एवढंच सांगत राहिली. संध्याकाळच्या एसटीने ती भिंगारला परतली, तेव्हा अब्बा दारातच उभे होते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तिचं म्हणणं मुक्ताबाईंनी अर्धं ऐकलं. झोपड्या उचलून माळावर गेल्या. बांधाखालची बाजरी मात्र ओढ्याकाठीच पेरली गेली, कारण दुसरीकडे ओल नव्हती.

त्या वर्षी पाऊस आला. जुलैत तलावात गुडघाभर पाणी झालं, ऑगस्टात निम्मा भरला. लोकांनी नारळ फोडले. गोरक्षनाथ कचेरीत येऊन सांगायचे की विहिरींना पाणी उतरलं, गुरं तलावावर येतात. सगळे खूश व्हायचे. शरिफा फक्त विचारायची, सांडव्याला पाणी लागलं का?

सप्टेंबरात लागलं. त्यानंतर दोन दिवस पूर्वेकडचे डोंगर काळ्या ढगांत बुडून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गोरक्षनाथ बांधावरच होते, त्यांनी नंतर सांगितलं ते असं. सांडवा दुथडी वाहत होता, तरी पाणी चढतच होतं. मग बांधाच्या मध्यावर, जिथे माती जरा बसली होती, तिथून पाण्याची एक बारीक पट्टी पलीकडे उतरली. ती इतकी बारीक होती की पायाने अडवावी. एक माणूस घमेलं घेऊन धावलासुद्धा. मुक्ताबाईंनी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. बघता बघता तिथे खाच पडली, खाचेचं खिंडार झालं आणि साऱ्या हंगामाचं पाणी काळ्या गाळासकट ओढ्याने निघून गेलं. बाजरी गेली, दोन विहिरी गाळाने भरल्या. माणसं वाचली, कारण झोपड्या माळावर होत्या.

शरिफा आठवड्याने तिथे गेली. मुक्ताबाई तिच्याबरोबर बांधावर चढल्या. खिंडाराच्या कडेला उभं राहून दोघींनी तळातला चिखल बघितला. भेगा पडायला आत्ताच सुरुवात झाली होती.

चौकशी झाली. शरिफाने घडलं ते सगळं सांगितलं, साहेबांनीही सांगितलं. पण नावाच्या पहिल्या अक्षराने बांध फुटतो, हे चौकशीच्या माणसांना लिहिता येईना. त्यांनी अतिवृष्टी असं कारण दिलं. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना कुणीतरी कानावर घातलं होतं की मराठी नावांमुळे घोटाळा झाला. त्यांनी फर्मान काढलं: नावं यापुढे ठरलेली, ए-एक, ए-दोन, बी-एक. मनाची नावं बंद.

शरिफाने त्यांना सांगून पाहिलं की प्रत्येक नाव कुठल्या जातीच्या आकड्याचं आहे, पूर्णांकाचं की अपूर्णांकाचं, हे प्रोग्रॅमच्या डोक्यावर आधीच लिहिता येतं, तेवढं सक्तीचं केलं तर पुरे. ते म्हणाले, हेच सोपं आहे. तिने आणखी वाद घातला नाही. ज्याच्या चुकीने तलाव गेला त्याने किती बोलायचं, असं तिला वाटलं असावं.

नव्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम पुण्याला जात राहिले, तलाव बांधले जात राहिले. तिच्या टेबलाशी आता कुणी उभं राहत नव्हतं. पंच्याहत्तरच्या सुरुवातीला एकदा गोरक्षनाथ आले. त्यांच्याकडच्या नव्या बांधाच्या उंचीचा आकडा त्यांना कमी वाटत होता. त्यांनी कागद चाळला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि हे बी-चार काय म्हणून विचारलं.

शरिफाने ती ओळ वाचली, मागची पानं उलटली, पुन्हा वाचली. प्रोग्रॅम तिच्याच हातचा होता.

"आठवत नाही," ती म्हणाली.

गोरक्षनाथांनी बोट उचललं. मग कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि ते तिसगावच्या गाडीला निघाले. त्या बांधावर माती पडायला सुरुवात झालेली होती.