मागच्या वर्षीचे पॉइंट

सोळाव्या वर्षी दुर्ग-रायपूरकडची कुठलीच मुलगी मला टेनिसमध्ये हरवत नव्हती. तरी देशाच्या ज्युनिअर यादीत माझं नाव नव्हतं. यादीचे पॉइंट मोठ्या स्पर्धांच्या मेन ड्रॉमध्येच, म्हणजे मुख्य फेऱ्यांतच, मिळत आणि त्या सगळ्या लांबच्या शहरांत. मेन ड्रॉमध्ये थेट प्रवेश यादीतल्या मुलींना. बाकीच्यांनी आधी क्वालिफाइंगच्या, म्हणजे पात्रतेच्या मॅच खेळायच्या.

आई मला घेऊन कलकत्त्याला गेली. मी क्वालिफाइंगच्या तीन मॅच जिंकले. चौथ्या दिवशी मेन ड्रॉमध्ये समोर ताज्या दमाची, मानांकन असलेली मुलगी आली आणि मी तासाभरात हरले.

घरी आल्यावर आईनं बाबांना विचारलं, "तीन मॅच जिंकली न ही? मंग पॉइंट कावून नाही भेटले?"

बाबा स्टील प्लांटमध्ये इंजिनीअर होते, नियम वाचायची त्यांना सवय. म्हणाले, "क्वालिफाइंगचे मोजत नाहीत."

"म्हणजे ज्याच्यापाशी हायेत, त्यालेच अजून भेटतात."



पुढच्या हिवाळ्यात हैदराबादला क्वालिफाइंग पार करून मी मेन ड्रॉच्या दोन फेऱ्या जिंकले. टाइप केलेली यादी पोस्टानं आली. अगदी तळाशी का होईना, माझं नाव होतं. बाबांनी तो कागद ऑफिसात नेऊन दाखवला. त्या वर्षी मी तीन ठिकाणी थेट मेन ड्रॉ खेळले. प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत हरले, म्हणजे पॉइंट शून्य, पण चांगल्या मुलींशी खेळून हात सुधारला.

वर्षभरानं हैदराबादची स्पर्धा परत आली, ती नेमकी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत. शाळेनं सांगितलं, तारीख बदलणार नाही.

बाबा म्हणाले, "पॉइंट बारा महिनेच टिकतात. यंदा तिथं खेळली नाही, तं मागचे गेले समज. पण प्रॅक्टिकल सोडलं तं वर्ष जाईन. तू सांग."

"मले जायचं हाय," मी म्हणाले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच माझी बॅग भरली आणि सोबत निघाली.

हैदराबादला पहिल्याच फेरीत समोर यादीत नसलेली मुलगी होती. मी तिच्यापेक्षा बरी खेळत होते, हे पहिल्या गेममध्येच कळलं. पण प्रत्येक पॉइंटला मागच्या वर्षीचे जाणारे पॉइंट आठवत होते आणि मी चेंडू नुसता परत टाकत राहिले. ती मोकळेपणानं मारत होती. दोन सेटमध्ये हरले.

नव्या यादीत माझं नाव नव्हतं. बारावी पुन्हा दिली. पुढच्या वर्षी नागपुरात परत क्वालिफाइंगच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा माझा खेळ आधीपेक्षा चांगला होता, हे बाबांनाही मान्य होतं. दोन मॅच जिंकले, तिसरी हरले. मग युनिव्हर्सिटीकडून खेळले, आणि बी.एस्सी. झाल्यावर रॅकेट ठेवून दिली.

त्या दुसऱ्या वेळी हैदराबादहून परतताना आईनं गाडीत एकच विचारलं होतं, "तुले खेळताना मजा आली का?"

"नाही," मी म्हणाले. तिनं डबा उघडला आणि आम्ही जेवलो.