कागदावर बैल असलेली शेळी

दसऱ्याच्या आधीचा रविवार, सकाळी आठ. जागा: कॉलनीचा मोकळा प्लॉट, बोअरच्या शेजारी. हजर: जनावरांचे डॉक्टर, कानात बिल्ले मारणारे त्यांचे मदतनीस, कॉलनीचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त गुरुजी, प्लॉट नऊमधलं ऊसतोडीला जाणारं जोडपं, आणखी अकरा घरांची माणसं, आणि मी, चिटणीस. जनावरं चौतीस: बैल सहा, गाई सात, म्हशी चार, बाकीच्या सतरा शेळ्या. गैरहजर: माझे यजमान. "मी आलो तर माझ्याही कानात मारशील," असं सांगून ते पेपर वाचत घरीच बसले.

ही नोंद माझ्या वहीतली आहे, जशीच्या तशी. शाळेच्या ऑफिसात चोवीस वर्षं हजेरीपट सांभाळल्यावर माणूस घरीही हजेरी घ्यायला लागतो. आमच्याकडे फ्रिजवर भाजीची यादी असते आणि तिच्याखाली, बाकी राहिलेल्या याद्यांची यादी.

आमची कॉलनी बीड शहराच्या टोकाला, पालीच्या बाजूला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी इथं ज्वारी होती. आता सिमेंटचा अर्धा रस्ता, वीसेक घरं आणि एक किराणा दुकान आहे. अर्धे लोक नोकरदार, अर्धे जनावरांवर आणि ऊसतोडीवर जगणारे. नोकरदारांना दूध ताजं लागतं आणि शेणाचा वास चालत नाही; या एका वाक्यात आमच्या सगळ्या मीटिंगा येतात. दिवाळीच्या सुमाराला निम्मी कॉलनी कारखान्यावर निघून जाते. मग दुकानदार दुपारीच शटर ओढतो आणि दुधाला पालीपर्यंत जावं लागतं.

बिल्ल्याचा नियम आला तेव्हा सगळे गोंधळले. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर, आणि त्या नंबरावर मालकाचं नाव आणि जनावराचं वर्णन ऑनलाइन. बिल्ल्याशिवाय विक्री नाही, वाहतूक नाही. नेकनूरच्या बाजारात गिऱ्हाईक आधी दात बघायचं, आता आधी कान बघायला लागलं. लोक मला विचारायला आले, आणि मला कुणी काही विचारलं की मी तक्ता आखते.

आदल्या दिवशी मी डॉक्टरांकडून बिल्ले मागून आणले. घरागणिक पाकिटं केली, पाकिटावर प्लॉट नंबर, आत जनावरांइतके बिल्ले. कुठला नंबर कुठल्या जनावराचा, तेही लिहून टाकलं. डॉक्टरांनी माझ्या यादीवरूनच माहिती भरायची, म्हणजे सकाळचा वेळ वाचेल. डॉक्टर म्हणाले, "ताई, अशी तयारी मी जिल्ह्यात पाहिली नाही." हे वाक्य मी घरी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा यजमान म्हणाले, "ऐकलं."

माझ्या तक्त्यात सगळं होतं. फक्त जनावरं कुणाच्या दावणीला असतात, ते नव्हतं. गुरुजींचा प्लॉट तीन. त्यांची एक काळी शेळी आहे, पण ती राहते प्लॉट नऊमध्ये. आमच्याकडे ही जुनी रीत आहे: शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी. सगळ्या कॉलनीला हे माहीत. मलाही माहीत. पण यादी मी प्लॉटप्रमाणे केली होती आणि यादीत शेळी गुरुजींच्या दारात उभी होती.

प्लॉट नऊचा पुकारा झाला तेव्हा नऊवाली चार जनावरं घेऊन आली. दोन बैल, एक पांढरा आणि एक कोसा, म्हणजे राखाडी झाकेचा. तिची स्वतःची तांबडी शेळी. आणि गुरुजींची काळी. माझ्या पाकिटात बिल्ले तीन. मदतनीस म्हणाले, "ताई, एक कमी हाय." मी पटकन गुरुजींचं पाकीट फोडून त्यातला बिल्ला मदतनिसांच्या हातात दिला. त्याच वेळी म्हशीवाल्या दोघींचं रांगेवरून सुरू झालं होतं आणि चहात साखर पडायची राहिली होती. कोसा बैल डोकं झाडत होता. मदतनिसांनी जो कान जवळ आला त्यात जो बिल्ला हातात होता तो मारला. डॉक्टरांनी विचारलं, "यादीप्रमाणंच चाललंय ना?" मी म्हणाले, "अगदी."

मी यादीत माणसांच्या नावांपुढं बरोबरच्या खुणा करत होते. कान बघितले नाहीत. शेवटी बेरीज केली: जनावरं चौतीस, बिल्ले चौतीस. बेरीज जुळली की माझ्या मनात दुसरी शंका येतच नाही.

दिवाळी झाली आणि सोमवारी नऊवाली फाटकात उभी राहिली. तिचा नवरा मागं.

"ताई, माझा बैल सरकारनं शेळी केला."

टोळीच्या मुकादमानं जनावरांच्या कानाचे फोटो काढून नंबर तपासले होते. पांढरा बैल बरोबर होता. कोशा बैलाच्या नंबरावर निघाली शेळी, काळी, मालक गुरुजी. शुक्रवारी ट्रक लागणार होता आणि कागद जुळल्याशिवाय बैल चढवणार नाही, असं मुकादमानं साफ सांगितलं होतं. जोडी असेल तर यांना बैलगाडी, आपल्या वेळेनं तोडायचं, आपल्या गाडीत भरायचं. जोडी नसेल तर गाडी दुसऱ्याला, आणि हे दोघं कुठल्या तरी टोळीत डोक्यावर मोळ्या वाहायला. तिच्या कमरेचं दुखणं मला माहीत होतं, कारण दवाखान्याची फाइल मीच लावून दिली होती.

तिचा नवरा म्हणाला, "मुकादम म्हनला, एका अंगाला बैल आन् एका अंगाला शेळी जुंपतू का बे."

"लोक लई हसले," ती म्हणाली. "मी बी हसले. मग घरी यून बसले. कावून असं झालं ताई? तुमी तर लिहून घेतलतं."

तुमी लिहून घेतलतं. हे वाक्य मी आजही ऐकते.

वही काढली, तिघं मिळून गोठ्यात गेलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कान वाचले. कोशा बैलाच्या कानात काळ्या शेळीचा नंबर. काळ्या शेळीच्या कानात तांबडीचा. आणि तांबड्या शेळीच्या कानात कोशा बैलाचा. मी लगेच बाणांचं चित्र काढलं. चित्र फार सुबक झालं. नऊवाली म्हणाली, "हे मुकादमाला दाखवू का?" ती चेष्टा करत नव्हती, म्हणून जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले, दुरुस्ती होते, पण नंबर ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर कोड येतो, तो डॉक्टरांना सांगावा लागतो. बैलाचा नंबर गुरुजींच्या नावावर. गुरुजी लेकीकडे नांदूरघाटला. फोन लावला. गुरुजी म्हणाले, "ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो."

"गुरुजी, मी बोलतेय. चिटणीस."

"फसवणारेही असंच सांगतात. आवाज हुबेहूब काढतात."

हा धडा त्यांना मीच दिला होता. मागच्या मीटिंगमध्ये, छापील सूचना वाचून, शेवटी सगळ्यांकडून वदवून घेतला होता. पाच वेळा फोन केला. सहाव्यांदा त्यांनी मला ब्लॉक केलं.

बुधवारी अर्धी रजा टाकून नांदूरघाटची एसटी धरली. नऊवाली सोबत आली. तिनं तिकिटाचा हट्ट केला, मी नाही म्हणाले, वाहक वैतागला. वाटेत नेकनूर गेल्यावर ती म्हणाली, "ताई, चुकलं त्याचं काय न्हाई. पर तुमी त्या दिशी म्हशीवालीला रांगंसाठी किती बोलल्या वो."

मी वही काढून बाणांचं चित्र पुन्हा तपासलं.

गुरुजी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मला पाहून त्यांनी आधी फोन खिशात घातला. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून माझं बाणांचं चित्र तपासलं, मुलानं गणित चुकवल्यावर तपासतात तसं. मग म्हणाले, "म्हणजे माझी शेळी सध्या हिच्या नावावर आहे?"

"हो."

"आणि माझ्या नावावर बैल?"

"हो."

"मग मी तोट्यात कुठंय?"

लेक आतून म्हणाली, "बाबा, देऊन टाका आता. बाईचा ट्रक परवा हाय." गुरुजींनी अट घातली: त्यांची शेळीही त्याच वेळी दुरुस्त व्हायला हवी. मी डॉक्टरांना फोन लावला. माझ्या फोनला रेंज फक्त गच्चीवर होती, म्हणून आम्ही चौघं जिना चढलो. कोड आला. गुरुजींनी एकेक आकडा सावकाश वाचला, मी डॉक्टरांना सांगितला, डॉक्टर म्हणाले, "झाला बैल." नऊवालीनं पदर तोंडाला लावला आणि ती कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. काळ्या शेळीचा कोड माझ्याच मोबाइलवर आला, कारण नऊवाल्यांचा मोबाइल नंबर सारखा बदलतो म्हणून मी फॉर्मवर माझा टाकला होता. तीही झाली. तिसऱ्या, तांबडीच्या नोंदीला डॉक्टरांचं नेट बंद पडलं आणि ती पुढच्या आठवड्यावर गेली.

शुक्रवारी दोन्ही बैल ट्रकात चढले. मुकादमानं कान बघितले, मोबाइल बघितला, मान हलवली. निघताना नऊवाली तांबडीची दोरी घेऊन माझ्या फाटकात आली. दरवर्षी ती शेळी माहेरी सोडून जाते. यंदा कागदावर ती बैल, टेम्पोवाला घेईना.

"सहा म्हैन्याचंच हाय ताई," ती म्हणाली. "लई गरीब हाय. फक्त कागद खाती."

तेव्हापासून शेळी आमच्या अंगणात आहे. यजमान तिला "काय बैलोबा" म्हणतात. भाजीची यादी तिनं दोनदा खाल्ली, म्हणून फ्रिजवरून कपाटात गेली. जनावरांचे डॉक्टर मध्ये लसीकरणाला दुसऱ्या भागात गेले. नवे आलेत त्यांना मी तीनदा भेटले. ते म्हणतात, आधी प्रत्यक्ष जनावर दाखवा. दवाखाना शहरात, टेम्पोवाला कान बघतो, आणि चालत न्यायला शेळी माझं ऐकत नाही.

कपाटाच्या आतल्या बाजूला आज नऊ कामांची यादी आहे. आठांपुढं खूण झाली. नववं असं आहे: तांबडी, शेळी करून घेणे.