आण्णांची पाठ मोडायला मी नाही म्हणाले

माझा बाप टेबलावर पालथा पडून "मोड" म्हणत होता आणि मी हात मागे घेतले.

काल आण्णा गेले. झोपेतच गेले.
सकाळपासून फोनवर फोन येताहेत. प्रत्येकाला तेच सांगवत नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी फिजिओथेरपी शिकले, मग कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके मोकळे करायचं. लोणावळ्यात माझं पाठीचं क्लिनिक आहे.
आण्णांचं कामशेतला तांदळाचं दुकान. जन्मभर पोती स्वतः उचलली. खांद्यांमधली पाठ पार वाकलेली.

"आण्णा, एकदा दाखवा ना."
"लोकांच्या पाठी कडाकडा मोडतीस, ती काय डॉक्टरकी व्हय?"

वर्षानुवर्षं हेच. राग यायचा. अख्खा लोणावळा माझ्याकडे येतो आणि घरचा माणूस फिरकत नाही!

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी ते आपणहून आले. शर्ट काढून सरळ टेबलावर.

"हितं. खांद्यांच्या मधी. सकाळी पोतं उचललं तवापासनं. मोड एकदाची."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.
मणक्यांवरून बोटं फिरवली. पाठ गार होती, आणि ओली. पंखा फुल स्पीडवर होता.

"दाबल्यावर दुखतं?"
"न्हाई."
"वळल्यावर?"
"न्हाई गं. सारखंच हाय. जबडापण ठणकतोय."

माझे हात थांबले.
मणक्याचं दुखणं दाबलं, वळलं की बहुतेक वेळा कमी-जास्त होतं. हे जागचं हलत नव्हतं.

"आण्णा, मी नाही मोडणार. हॉस्पिटलला जायचंय. आत्ता."

ते माझ्याकडे बघतच राहिले.
"जगाची मोडतीस. बाप आपणहून आला तर न्हाई म्हणतीस?"

लागलं मला. तरी धरून गाडीत बसवलं.

रविवारचा ट्रॅफिक. चिक्कीच्या दुकानांसमोर डबल पार्किंग, सेल्फी चाललेले. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या सीटवर आण्णांचा तोंडाचा पट्टा चालू होता.

मग तो बंद झाला.

"आण्णा, शिव्या द्या मला."

मी आरसा वळवून मागे बघितलं.

"आण्णा!"

"दम तर घिऊ दे की."

ईसीजी बघितला आणि डॉक्टरांनी पळापळ सुरू केली. हार्ट अटॅक होता. मी पाठ कडकडवत बसले असते तर ती वेळ गेली असती, आणि आण्णाही.

वाचले. आणि कामशेतच्या बाजारभर सांगत सुटले, "माज्या पोरीनं पाठ मोडली न्हाई म्हणून मी हाय."
आधी नुसती बदनामी, मग जाहिरात, तीपण असली!

बरे झाल्यावर दर रविवारी हजर. हाडं ठिसूळ झालेली, जोर लावायचा प्रश्नच नव्हता. हलका हात ठेवायचा आणि लांब श्वास घ्यायला लावायचा, बास. आवाज काही यायचा नाही.
यांना तर आवाज पाहिजे! मग स्वतःच जिभेनं "टक्क" करायचे.
"झालं बघ. लय ब्येस."

काल त्यांना न्यायच्या आधी मी खांद्यांखाली हात सरकवला.
पाठ गारच होती. या वेळी धावपळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी जिभेनं "टक्क" केलं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.

झालं, आण्णा. या आता.