रेणूच्या लग्नाचा दीडचा मुहूर्त

हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या. एक फोन केला मी, फक्त एक! आणि त्यापायी पोटच्या पोरीचं लग्न अडवून बसलो.

माझा मेहुणा बालाजी आणि चुलतभाऊ दत्ता, दोघं तुळजापूरचे, पण दोन पक्षांचे कट्टर कार्यकर्ते. विधानसभेच्या मतदानादिवशी भर चौकात एकमेकांची गचांडी धरली होती त्यांनी! आणि पंधरा दिवसांनी जळकोटला माझ्या रेणूचं लग्न. मांडवात ही जोडी समोरासमोर आली तर? माझी झोपच उडाली.

बालाजी मुलीचा मामा, तो वेळेवर हवाच. मग दत्ताला फोन लावला. "दत्ता, पत्रिकेत चुकीचं छापलंय रे. मुहूर्त बाराचा न्हाय, दीडचा हाय." म्हटलं, हा येईपर्यंत बालाजी जेवून वाटेला लागेल. केवढा हुशार मी!

हळदीच्या दिवशी टीव्हीवर बातमी आली, दोन्ही पक्षांची युती झाली, सरकार बनणार! "बनू दे," म्हटलं आणि मांडवाच्या कामाला लागलो. फोनची आठवणसुद्धा झाली नाही.

लग्नादिवशी बारा वाजले. नवरदेव पाटावर उभा. भटजी माईकवरून म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मामाच नाही!

फोन लागेना. व्याही घड्याळाकडं बघतायत, बायको माझ्याकडं. "आवो, माझा भाऊ कुठाय?"

"येतोय की," म्हणालो. मुहूर्त टळला तर पोरीला काय तोंड दाखवू?

भटजींनी तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा एक जीप आली. उतरलं कोण? बालाजी आणि दत्ता! गळ्यात गळा, कपाळाला देवीचं कुंकू!

"दाजी, एवढी घाई कशाची? दत्ता म्हनला मुहूर्त दीडचा हाय. म्हनून जोडीनं दर्शन घिऊन आलो," बालाजी म्हणाला आणि रेणूला आणायला पळाला.

अक्षता पडल्या एकदाच्या. पण पंगतीत दत्तानं मला गाठलं. "भाऊ, समद्यांला बारा आन् मलाच दीड? का ओ?"

मी त्याच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.

"बालाजी, आलं का ध्यानात?" दत्ता ओरडला. "ह्यो आपली युती फोडाय निघालता!"

आयुष्यात कुठल्या पक्षाचा झेंडा हातात धरला नाही हो मी! आणि बायकोनं व्याह्यांच्या देखत, भाजीची पळी माझ्यावर रोखून, एकच शब्द उच्चारला.

"गद्दार!"