तांब्याच्या पत्र्यावरची आई

तीस सालाच्या थोडं आधीची गोष्ट. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे सोलापूरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि नव्या पेठेमागे आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. यांना तांब्यावर चित्र कोरून छापायचा नाद होता. तांबटाकडून पत्रा आणायचा, त्यावर मेण चढवायचं, दिव्याच्या काजळीनं ते काळं करायचं आणि सुईनं चित्र ओढायचं. मग तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतलं की मेण निघालेल्या रेघा तांब्यात उतरायच्या.

एका सुट्टीत हे माझ्या माहेरी, मंद्रूपला, दोन दिवस राहून आले. घरी पाहुणे होते म्हणून मला जाता आलं नाही. आमच्या मळ्यातली विहीर, लिंबाचं झाड, बांधावर बसलेल्या मेंढ्या असं सगळं कागदावर घेऊन आले आणि आठवडाभर पत्र्यावर उतरवत बसले.

तेजाब ओतायच्या आधी मला दाखवलं तेव्हा माझी नजर विहिरीवर गेली. विहिरीवर कुणीच नव्हतं.

"आई कुठं आहे? सकाळची ती विहिरीवरच असते."

"माणूस आलं की शांतता मोडते," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेले आणि मला चैन पडेना. भाकरी करपली. निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली. शेवटी फळीवरचा पत्रा काढला, सुई उचलली आणि विहिरीच्या काठावर आईला काढलं, वाकून दोर ओढणारी. झाल्यावर मात्र ते पुसावंसं वाटलं. बोटानं मेण सारवायला गेले, तर तिथं ठसाच उमटला. संध्याकाळपर्यंत दहादा दारात जाऊन आले असेन.

यांनी आल्या आल्या पत्रा उजेडात धरला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"का?"

"राहवेना मला."

"वॉर्निशनं झाकता येईल, मग तिथं तेजाब लागणार नाही," असं म्हणून यांनी कुंचला उचलला. बराच वेळ तसाच धरून बसले, मग खाली ठेवला आणि तेजाबाची बाटली घेतली. पुढचे चार दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. रागावलेत की काय, कळायला मार्ग नव्हता.

चित्र छापून आलं. माझ्या रेघा जाड होत्या, त्यामुळे सगळ्यात काळी आईच दिसत होती.

"रविवारी मंद्रूपला जाऊ," हे म्हणाले.

मोटारीनं गेलो. आईनं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"ही कोण बाई?"

"तूच की," मी म्हटलं.

"मी? अशी वाकून पाणी शेंदते व्हय मी? तोल जाऊन हिरीतच पडंल की बाई! हितं या जावईबापू, दावते तुमास्नी."

तिनं काठाच्या दगडाला पाय लावला, अंग मागं टाकलं आणि पोहरा वर घेतला. यांनी घाईघाईनं कागद काढला.

"जरा थांबता का तशाच?"

"थांबून कसं व्हईल? म्हशी तानेल्या हायत."

यांचे तीन कागद वाया गेले. चौथ्या वेळी हे हसायला लागले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

संध्याकाळच्या मोटारीनं हे एकटेच परतले. मी आठ दिवस राहायचं ठरलं होतं. पाचव्या दिवशीच मला यांच्यावाचून तिथंही करमेना.