डावीकडचं पान

टीचर गोष्टीच्या शेवटाला पोचल्या की लगेच मागे फिरायच्या. आम्ही संगणकावर लिहिलेल्या गोष्टी त्या डोळे मिटून ऐकत, वाचायचं आम्ही. मध्ये निळ्या अक्षरांतले दोन पर्याय आले की त्या खुर्चीच्या हातावर बोट टकटक वाजवायच्या. एकदा वाजवलं तर उजवीकडचा, दोनदा वाजवलं तर डावीकडचा. ती वाट संपेपर्यंत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आता माका मागे व्हर." मग आम्ही त्यांना मागे न्यायचो आणि त्या सोडलेली वाट ऐकायच्या.

आमच्यातला एक मुलगा एकदा वैतागला. त्याची एसटी सुटायला आली होती. तो म्हणाला, टीचर, तुम्ही एक वाट निवडली ना, मग गोष्ट झाली. टीचरनी डोळे उघडले नाहीत. "जी वाट मी घेवूक नाय, ती पण तूच लिवलंस मा? मगे ती कोणी वाचूची?" तो परत वाचू लागला. त्याची एसटी बहुतेक चुकली.

वर्गात त्या चांगल्या प्रमाण मराठीत शिकवत. पण दुपारनंतर मालवणीत यायच्या, आणि त्या मालवणीत आल्या की त्या दमल्या आहेत हे आम्हाला कळायचं. पूर्वी त्या गोव्यात संगणकाच्याच नोकरीत होत्या. आई पडली, अंथरुणाला खिळली, म्हणून जामसंड्याच्या घरी परत आल्या आणि आमच्या कॉलेजात तासावर शिकवू लागल्या. पडद्याकडे पाहिलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पर्समध्ये थेंबांची बाटली असायची आणि ती सापडेपर्यंत अर्ध्या वस्तू टेबलावर यायच्या.

खरं तर अभ्यासक्रमात स्वतःची माहिती देणारं एक वेबपान तयार करायचं होतं. टीचर म्हणाल्या, तुमचं नाव, गाव आणि आवडता खेळ तुमची आईसुद्धा वाचणार नाही. तुम्ही गोष्ट लिहा, फाटे असलेली. नियम एकच होता. पानाला दार हवं. कुठल्याही पानावर आलेल्या माणसाला तिथून पुढे जाता आलं पाहिजे. माझ्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे एवढा एकच नियम आहे म्हटल्यावर मला जरा धीर आला.

माझ्या गोष्टीतल्या मुलीला शिकायला शहरात जायचं असतं. घरचे देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. कुठली पडली ते वाचणाऱ्याने ठरवायचं. उजवीकडे मी पानंच्या पानं लिहिली होती. वसतिगृह, वाचनालय, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. टीचरनी दोनदा टकटक केलं. मी डावीकडचं पान उघडलं आणि त्यावरचा एकच शब्द वाचला, समाप्त.

त्यांनी डोळे उघडले.

"घरात रवला म्हणजे माणूस संपता गो?"

 त्या रागावल्या नव्हत्या. आज राहू दे, म्हणाल्या आणि पर्स आवरू लागल्या. घरी, मिठबावला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की टीचर स्वतःच घरी राहिलेल्या आहेत.

बी. ए. झाल्यावर तोच कौल खरोखर माझ्यासाठी लागला. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. मी पुढे शिकावं असं त्यांना वाटत होतं, पण मला एकटीला कोल्हापूरला पाठवायची भीतीही वाटत होती. डावी कळी पडली.  आईने भात वाढला, आम्ही जेवलो.

टीचर मला एसटी स्टँडवर भेटल्या. मी सांगितलं तेव्हा त्या बाकावर टेकल्या आणि पाय चोळू लागल्या. मग विचारलं, "बाबान देवाक नेमका काय विचारल्यान?"

"चेडवाक, म्हणजे माका, शिकूक भायर धाडू काय, म्हणान."

"मगे देव तरी काय करतलो? दोनच लिंका दिलास त्येका. भायर जा, नाय तर गप रव." थेंबांची बाटली शोधत त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या कौलातला माका काय कळना नाय. पण घरात रवान शिकूचा, ह्या कोणी विचारूकच नाय."

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं, घाबरतच.  पुढच्या सोमवारी ते स्वतःच देवळात गेले. तोच प्रश्न परत लावता येत नाही, असं गुरव कुरकुरला. बाबा म्हणाले, तो नाही, हा दुसरा आहे. उजवी पडली. घरी येऊन शर्ट खुंटीला अडकवताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "फॉर्म खंय भरूचो?"

आता मी घरी राहूनच बाहेरून एम. ए. करते. दिवसभर आंब्याच्या पेट्या भरायचं काम असतं. संध्याकाळी पुस्तक उघडलं की तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते आणि तरी ती डोक्यात शिरत नाही. माझ्या गोष्टीतल्या उजवीकडच्या पानांसारखं यात काहीच नाही.

दरम्यान टीचरची आई गेली. पुढच्या वर्षी कॉलेजने त्यांना बोलावलं नाही. त्या मडगावला बहिणीकडे गेल्या. डोळे आणखी अधू झाले आहेत, असं ऐकलं. प्रयोगशाळेत नवे संगणक आले आणि आमच्या गोष्टी जुन्यांबरोबर गेल्या. माझी तेवढी मोबाइलमध्ये उरली.

गेलं वर्षभर मी त्यातलं डावीकडचं पान थोडं थोडं लिहीत होते. परवा टीचरना फोन केला आणि सुरुवातीपासून वाचायला लागले. कौलाशी आल्यावर विचारलं, उजवीकडे की डावीकडे? पलीकडून लाकडावर बोट वाजलं. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा.

मी वाचलं. पेट्यांतल्या पेंढ्याने सोललेले हात, वेळेवर न येणारी एसटी, बाबांनी माझ्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलेला फळीचा तुकडा. वाचून झाल्यावर थांबले. आता त्या 'मागे व्हर' म्हणतील म्हणून मी उजवीकडचं पान उघडून ठेवलं होतं.

त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"ह्या पानाक दार खंय आसा?"

अजून सापडलं नाही, मी म्हटलं.

"बरा. तू लिव सावकाश. मी हयच थांबतंय."