टोमॅटो आधी फुलला
उंब्रजच्या एका रोपवाल्यानं मला फसवलं, आणि देवाच्या हारातल्या झेंडूचा वास आला की ते अजून आठवतं. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावतात, कारण फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला आधी झेंडूचं फूल गाठतो. पण दोन्ही एकदम फुलली पाहिजेत, म्हणून झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपाहून वीसेक दिवसांनी मोठं लागतं. मी घासाघीस करून झेंडूच्या रोपांचा भाव पाडला. तो हसून म्हणाला, "आवं, दीड महिन्याचं रोप हाय, डोळं झाकून लावा." टोमॅटो फुलांनी भरला तेव्हा झेंडूला कळीसुद्धा नव्हती. दिवस कलताना पतंग झेंडू ओलांडून सरळ आत उतरायचे. बायकोनं पानावरची खसखशीएवढी अंडी दाखवली आणि म्हणाली, "ओसरी न्हाई म्हटल्यावर पाव्हणं घरातच शिरणार की." बहुतेक फळं किडून गळाली. रोपवाल्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "भाव तुमीच पाडला न्हवं? मग रोपबी तसंच." आता भांडायचंही त्राण उरलं नाही. कमी भावात कोवळं रोप दिलं तर दिलं. पण रोपाचं वय खोटं का सांगितलं, ते त्यानं माझ्या तोंडावर सांगावं.